पावणेतीन फुटांची भिंत

ते घर लाकडाचं होतं, पण तसं कबूल करायला तयार नव्हतं. लांबून पाहिलं तर कोणीही दगडीच म्हणालं असतं. फळ्यांना चिऱ्यांसारख्या खाचा पाडलेल्या, कोपऱ्यांवर लाकडाचेच ठोकळे एकाआड एक लहान-मोठे बसवलेले, आणि रंग ओला असतानाच त्यावर बारीक वाळू मारलेली. हात फिरवला की तळव्याला खरखर लागायची. बोटाने ठोकलं की मात्र आतून पोकळ आवाज यायचा. इंग्लंडमधल्या कुठल्याशा जमीनदाराच्या घराची ही न्यूझीलंडच्या वायकाटो भागातली नक्कल. बांधणाऱ्याने नकाशा तिकडूनच मागवला होता आणि आला तसा जमिनीवर उतरवला होता.

तिथेच सगळी गंमत होती. इंग्लंडमध्ये ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून तिकडच्या नकाशात दिवाणखाना दक्षिणेला. न्यूझीलंडमध्ये ऊन येतं उत्तरेकडून. त्यामुळे या घराच्या उंच छताच्या, संगमरवरी शेकोटीच्या, मोठ्या अर्धगोल खिडकीच्या दिवाणखान्यात बांधल्या दिवसापासून कोणी स्वेटर काढला नसेल. आणि मागचं स्वयंपाकघर, कोठीची खोली, नोकरांची बाजू, जिकडे पाहुण्याने कधी फिरकायचंसुद्धा नाही, ती सकाळपासून उन्हाने भरलेली. पहिल्या दिवशी मी हे पाहिलं आणि एकटीच मोठ्याने हसले. घराच्या मालकीणबाई, ऐंशीच्या घरातल्या, माझ्या मागेच उभ्या होत्या. त्याही हसल्या. म्हणाल्या, "आम्ही पन्नास वर्षं स्वयंपाकघरातच राहतोय, डिअर. बाकीचं घर इतरांनी बघण्यासाठी आहे."

मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणायला लागले ते तेव्हापासून.

मी तेव्हा हॅमिल्टनमध्ये एका छोट्या आर्किटेक्टकडे नोकरीला होते. पुण्यात मी आर्किटेक्ट होते, माझी सही चालायची. इथे माझी डिग्री कुठल्याशा फाइलमध्ये बसून कोणीतरी तपासण्याची वाट बघत होती आणि तोवर मी ड्राफ्टिंग करत होते, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या भिंती नीट काढून देत होते. नवऱ्याला गावाच्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका कंपनीत तीन आठवड्यांत कंप्युटरवरची नोकरी मिळाली होती आणि हे तो प्रत्येक पार्टीत सांगायचा. मला राग यायचा. त्याचा नाही, असं म्हणणार नाही; त्याचाही यायचा.

काम साधं होतं. आजींच्या यजमानांना, म्हणजे आजोबांना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. हॉस्पिटलमधून ते रेस्ट होममध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमात, गेले आणि तिथेच अडकले. घरी सोडायला डॉक्टरांची ना नव्हती, पण अट होती: तळमजल्यावर चाकाची खुर्ची वळेल एवढी न्हाणीघराची जागा हवी. या भल्यामोठ्या घरात तळमजल्यावर एकही न्हाणीघर नव्हतं. आणि घर होतं संरक्षित यादीत. खिळा ठोकायचा तरी परवानगी लागायची.

आमच्या बॉसने मार्ग काढला होता. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली होती, तिच्यात मागाहून पुष्कळ फेरफार झालेले, त्यामुळे यादीत तिला फारसं महत्त्व नव्हतं. तिची एक भिंत फोडून जागा वाढवायची. ती भिंत जाड होती. आजी म्हणाल्या होत्या, आत जुनं बुजवलेलं धुराडं आहे. असलं निकामी धुराडं काढायला छोटी परवानगी पुरते, ती महिन्याभरात मिळते. हिवाळ्याच्या आत आजोबा घरी. मी फक्त संपूर्ण घराची मापं घ्यायची आणि नकाशे काढून द्यायचे.

एका गुरुवारी आजी मला रेस्ट होममध्ये घेऊन गेल्या. त्यांना वाटत होतं, घर मोजणाऱ्या बाईला आजोबांनी बघावं, म्हणजे त्यांना धीर येईल. आजोबा त्याच घरात जन्मलेले. खिडकीपाशी बसवलं होतं त्यांना, खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा. जीभ जड झाली होती, पण डोळे मिश्कील. मी तिथल्या माओरी पद्धतीने नमस्काराचं "किआ ओरा" म्हटलं तर त्यांनी डावा हात उचलून सलाम ठोकला. मग बराच वेळ काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून चहाबरोबर आलेला कागदी रुमाल पुढे ओढून डाव्या हाताने पेनने त्यावर चित्र काढायला लागले.

मी जन्मभर नकाशे बघत आलेली. ते स्वयंपाकघर होतं हे मला लगेच कळलं. चौकोन, उत्तरेची खिडकी, टेबल, आणि खिडकीजवळ एक छोटा गोल. गोलावर त्यांनी पेन टेकवलं, मग स्वतःच्या छातीवर. त्यांची खुर्ची. शेजारी कोठी, आणि कोठीच्या भिंतीत बारीक वेड्यावाकड्या रेघा, वर-खाली, वर-खाली. हात थरथरतोय, असं मला वाटलं. मी नीट बघायला वाकले, तोवर आजींनी रुमाल उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "दमलेत ते," म्हणाल्या.

 परत आल्यावर गाडीतून उतरताना आजी म्हणाल्या, "हिवाळ्याच्या आत होईल ना गं?" म्हणजे इंग्रजीतच म्हणाल्या, पण मला ते असंच ऐकू आलं. मी म्हटलं, "होईल. मी वेळ लावणार नाही."

माझ्या तोंडून हे इतक्या चटकन का निघालं ते सांगते. माझे बाबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. टेपचं टोक कसं धरायचं हे त्यांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता: खोल्यांची आतली मापं आणि भिंतींची जाडी यांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळली नाही, तर घरी जायचं नाही. पुन्हा मोजायचं. निवृत्तीनंतर त्यांनाही असाच झटका आला. पुण्यातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दीड वर्ष ते गॅलरीत बसून खालचं लिंबाचं झाड बघत राहिले. त्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मी हॅमिल्टनहून फोनकार्ड खरवडून नंबर लावायची आणि सांगायची, "बाबा, डिसेंबरात येते, चौघांना बोलावू, खुर्चीसकट खाली नेऊ." रेसिडेन्सीचे कागद अडकले होते, देश सोडायचा नाही असं वकिलाने बजावलं होतं. बाबा ऑक्टोबरात गेले. चौघं आले आणि त्यांना खाली नेलं. मी दहाव्याला पोचले.

म्हणून हा म्हातारा त्याच्या उन्हातल्या खुर्चीवर पोचायलाच हवा होता. ही गोष्ट माझ्यासाठी नोकरीची राहिली नव्हती.

आणि मापं जुळेनात.

घराची पश्चिम बाजू बाहेरून मोजली, आतून मोजली. आठशे चाळीस मिलिमीटरचा फरक. बाबांच्या भाषेत पावणेतीन फूट. लाकडी घराची भिंत सहा इंचांची असते. दगडी घर असतं तर पावणेतीन फुटांच्या भिंतीला कोणी विचारलं नसतं, पण हे घर फक्त बाहेरून दगडी होतं. धुराडं म्हणावं, तर छपरावर चार धुराडी आणि खाली चार शेकोट्या, हिशेब पुरा. पाचवं धुराडं असायला जागाच नव्हती.

मी ऑफिसात येऊन बॉसला नकाशा दाखवला. बॉस उंच, शांत माणूस, उन्हाळ्यात ऑफिसातसुद्धा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरणारा.

"ही भिंत एवढी जाड आहे? नक्की?"

"नक्की."

"जुनं धुराडंच असेल, नाही का?"

"धुराडं नाही. मी सगळी मोजली आहेत."

त्याने नकाशाची गुंडाळी केली. "तू अगदी शुअर आहेस."

"हो."

"बरं. स्वीट ॲज, काही हरकत नाही. आज शुक्रवार आहे. घाई नाही. नुसती जाड भिंत म्हणून दाखवलीस तरी चालेल मला."

आज मला त्या वाक्याचा शब्द न् शब्द कळतो. तिथली माणसं 'करू नकोस' म्हणत नाहीत, 'घाई नाही' म्हणतात. त्याने माझ्यासमोर दार उघडून धरलं होतं. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. मला वाटलं, हा माझ्या मापांवर शंका घेतोय. पुण्याची डिग्री, तिला इथे कोण विचारतो, हिला टेप तरी धरता येते का, असं सगळं मीच त्याच्या तोंडी घातलं. मी पुण्याची, त्यात आर्किटेक्ट, त्यात ओव्हरसियरची मुलगी. दुसऱ्याची चूक दाखवून द्यायची संधी सोडणं आमच्या रक्तात नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बॉस ओके म्हणतोय ना? मग लीव्ह इट. वीकेंड आहे, आपण बीचवर जाऊ, पोरीचे पोहायचे टॉग्ज पण आणलेत नवीन."

"तुझं बरं आहे," मी म्हटलं. "तुला कोणी पुन्हा-पुन्हा विचारत नाही."

शनिवारी सकाळी मी स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या सुटीत तिकडे गेले. आजी रेस्ट होममध्ये असायच्या त्या वेळी. किल्ली मागच्या दाराशी गमबुटात ठेवलेली असायची, मला माहीत होतं. कोठीच्या शेल्फामागची एक फळी बाकीच्यांपेक्षा नवी होती. तिचे चार स्क्रू काढले आणि टॉर्च आत धरला.

जिना होता. नोकरांचा जिना, उभा, अरुंद, एका माणसापुरता. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कारण तिथे मधोमधच पाय पडायचा. कठडा नाही, भिंतीला कड्या आणि कड्यांतून ओवलेला दोर. प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीवर सुताराने पेन्सिलीने घातलेले आकडे, एक ते सतरा, आणि तेराच्या जागी त्याने पुन्हा बाराच लिहिलेलं. पाहुण्यांच्या रुंद जिन्यावर कोणाची गाठ पडू नये म्हणून पाण्याच्या बादल्या, कोळसे, चादरी घेऊन मुली इथूनच वर-खाली करत असणार. बाहेर वाळू फासून दगड झालेल्या त्या घरात ही एकच जागा अशी होती, जिने कसलंही सोंग घेतलं नव्हतं. नुसतं लाकूड, रंगसुद्धा नाही.

मला झालेला आनंद मी आज लाजून सांगते. मी त्या अंधारात बसून रडले. बाबांना फोन लावावा असं वाटलं आणि मग आठवलं. मी एकेक पायरी मोजली, फोटो काढले, फळी होती तशी लावली, चार स्क्रू पिळले. रविवारभर बसून अहवाल लिहिला. बीच राहिला. त्या जिन्याबद्दल मी जी विशेषणं वापरली तशी माझ्या लग्नाच्या फोटोंबद्दलसुद्धा वापरली नसतील. आणि ऑफिसच्या कामाच्या यादीत लिहिलं होतं, मोजणीची एक प्रत संरक्षित इमारती बघणाऱ्या वारसा-सल्लागार बाईंना पाठवावी, म्हणून तीही पाठवली. सोमवारी बॉस यायच्या आधी.

त्याने अहवाल उभ्यानेच वाचला. मग विचारलं, "सल्लागारांना गेला?"

"हो, सकाळीच."

तो खुर्चीत बसला. "चांगलं काम केलंस," म्हणाला. तो कधी खोटं बोलायचा नाही, त्यामुळे मी खूश झाले. दुपारी कोपऱ्यावरच्या डेअरीतून स्वतःसाठी आइस्क्रीम आणून खाल्लं. 

मग जे व्हायचं ते झालं. सल्लागार बाई आल्या, जिना बघून हरखून गेल्या. असा न बदललेला नोकरांचा जिना त्यांनी त्या भागात पाहिला नव्हता. ती भिंत आता भिंत राहिली नव्हती, घराचा सर्वांत मोलाचा भाग झाली होती. छोटी परवानगी बाद. मोठा अर्ज, तज्ज्ञांचं मत, शेजाऱ्यांना नोटीस, समितीची बैठक. कोणाची चूक म्हणायची? प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं. मी तर सर्वांत नीट केलं.

मी दुसरे मार्ग काढले. मागच्या व्हरांड्यात न्हाणीघर, तर तिथे बाहेरचं रूप बदलतं. जेवणाच्या खोलीचा कोपरा, तर तिथलं छत मूळचं. अंगणात तात्पुरती खोली, तर आजोबांना थंडीत बाहेरून न्यावं लागणार, हॉस्पिटलची ना. प्रत्येक नकाशा घेऊन बॉस जायचा आणि पुढच्या बैठकीची तारीख घेऊन यायचा. जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, धुकं पडायला लागलं. ऑफिसला जाताना दूध पावडरच्या कारखान्याची वाफ आणि धुकं यात फरक कळायचा नाही. आजी फोन करायच्या, दर मंगळवारी. कधीच चिडल्या नाहीत. "काही कळलं का, डिअर?" एवढंच.

मी एकदा एकटीच रेस्ट होममध्ये गेले. आजोबांना सांगायचं होतं की जिना सापडला, केवढा सुंदर आहे. बालपण त्याच घरातलं, खूश होतील असं वाटलं. मी कागदावर जिना काढून दाखवला, सतरा पायऱ्या, दोनदा बारा. त्यांनी तो कागद पुष्कळ वेळ बघितला. मग डाव्या हाताने माझा हात थोपटला, लहान मुलाला थोपटतात तसा, आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं दमले.

ऑगस्टच्या एका सकाळी बॉसने मला त्याच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आजोबा पहाटे गेले होते. निमोनिया. रेस्ट होमच्या त्याच खिडकीजवळ, जिच्यातून गाड्या दिसायच्या. मी "हो का" म्हटलं, जागेवर आले आणि दिवसभर कोणाच्या तरी गॅरेजचा नकाशा काढत बसले. संध्याकाळी गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायलाच हात उठेना. दोन म्हातारे झाले माझ्या नावावर, एवढंच सारखं मनात येत होतं. पहिल्याच्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. दुसऱ्याच्या वेळी होतं.

परवानगी सप्टेंबरात आली. व्हरांड्यातल्या न्हाणीघराला मंजुरी, जिना जपण्याच्या अटीवर. बॉस म्हणाला, पोस्टाने पाठवू. मी म्हटलं, मी नेऊन देते.

आजींनी स्वयंपाकघरात चहा केला. सकाळचं ऊन टेबलावर होतं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मांजरसुद्धा बसलेलं नव्हतं. मी कागद टेबलावर ठेवले आणि माफी मागितली. घोकून आणलेलं वाक्य होतं, ते मधेच मोडलं. म्हटलं, मी तो जिना शोधला नसता तर ते इथे असते. मला माहीत नव्हतं आत काय आहे ते.

"तुला माहीत नव्हतं," आजी म्हणाल्या. "आम्हाला होतं."

मला आधी कळलंच नाही.

त्या उठल्या, पर्स घेऊन आल्या, आतून तो कागदी रुमाल काढला आणि उलगडून माझ्यापुढे ठेवला. चौकोन, खिडकी, गोल. आणि कोठीच्या भिंतीतल्या त्या थरथरत्या रेघा. वर-खाली, वर-खाली. मी मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती.

"त्यांच्या आईने तो जिना बंद करून घेतला, शेवटची मुलगी काम सोडून गेली तेव्हा. ते सात-आठ वर्षांचे होते, लपून बसायचे तिथे. धुराडं आहे असं सांगायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं, हॉस्पिटलमध्येच. पाडायचा जिना, दुसरा उपाय नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं, पण घरी यायचं होतं." त्यांनी रुमालाची एक घडी बोटाने सपाट केली. "त्या दिवशी ते सगळं तुझ्यासमोरच काढून बसले. मला वाटलं, संपलं. पण तू बघितलं नाहीस. मी घरी येऊन देवाचे आभार मानले."

चहावर साय धरत होती. 

"आणि मग तू तो स्वतःच शोधलास," आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्यांनी रुमालाची पुन्हा घडी घातली आणि माझा कप पुढे सरकवला. "तू तुझ्या कामात फार हुशार आहेस, डिअर. त्यांनाही सांगितलं मी तसं. चहा घे, थंड होतोय."